अकरावी-बारावी रसायनशास्त्र: वर्गातल्या अपेक्षा आणि गुण देण्याची पद्धत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत विद्यार्थी आणि पालक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. राज्य मंडळाचे नियम सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांना सारखेच लागू आहेत. जिथे आमच्या वर्गापुरता नियम आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण बरीच उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. बारावीला रसायनशास्त्र नेमकं किती गुणांचं असतं?

एकूण १०० गुण. त्यातले ७० लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. लेखी पेपर तीन तासांचा. प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते आणि तिचे ३० गुण प्रयोग, जर्नल, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा यांत विभागलेले असतात. गुणपत्रिकेवर विषयासमोर शंभरपैकी मिळालेला एकच आकडा छापला जातो.

प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना सारखेच मिळतात असं समजू नका. आमच्या वर्गात तसं होत नाही. कसं होतं ते प्रश्न ११ ते १३ मध्ये आहे.

२. पेपरचं स्वरूप कसं असतं? ऑप्शनला किती सोडता येतं?

विभाग अ पूर्ण सोडवावा लागतो. त्यात एका गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न आणि एका गुणाचे आठ अतिलघु प्रश्न, म्हणजे १८ गुण. विभाग ब मध्ये दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ, विभाग क मध्ये तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि विभाग ड मध्ये चार गुणांच्या पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे. बेरीज १८ + १६ + २४ + १२ = ७०.

छापलेल्या सगळ्या प्रश्नांचे गुण मोजले तर ते ९८ होतात. यावरून काही जण हिशोब मांडतात की २८ गुणांचे धडे आधीच सोडून देता येतील. हा हिशोब फसतो, कारण विभाग अ मध्ये एकही प्रश्न सोडायची सोय नाही आणि तिथले अठरा प्रश्न सोळाही धड्यांतून कुठूनही येऊ शकतात. ‘हरित रसायन आणि नॅनोरसायन’ हा शेवटचा धडा छोटा आहे, सोपा आहे आणि दरवर्षी सर्वात जास्त विद्यार्थी तोच सोडून देतात. कृपया सोडू नका.

३. पास व्हायला किती गुण लागतात? डिस्टिंक्शन कधी मिळतं?

विषयात शंभरपैकी किमान ३५. एकूण निकालात ७५ टक्के आणि वर असल्यास विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी.

४. अकरावीचे गुण कसे मोजतात?

अकरावीची परीक्षा महाविद्यालय घेतं. पहिली घटक चाचणी २५ गुणांची, सत्र परीक्षा ५० गुणांची, दुसरी घटक चाचणी २५ गुणांची आणि वार्षिक परीक्षा १०० गुणांची (७० लेखी, ३० प्रात्यक्षिक). सगळे मिळून २०० होतात, त्यांची सरासरी शंभरपैकी काढली जाते. म्हणजे वार्षिक परीक्षेचा वाटा निम्माच आहे. पहिल्या चाचणीला दांडी मारून ‘वार्षिकला भरून काढू’ म्हणणाऱ्याला मार्चमध्ये ते जड जातं.

‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ हा समज घेऊन बरीच मुलं येतात. मोल, संतुलित समीकरणं, ऑक्सिडेशन नंबर, कार्बनी संयुगांची नावं हे सगळं अकरावीचं आहे. बारावीच्या विद्युतरसायनशास्त्रात अडलेला विद्यार्थी आमच्याकडे आला की बहुतेक वेळा अडचण अकरावीच्या रेडॉक्सच्या धड्यात सापडते. शिवाय एमएचटी-सीईटीमध्ये २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात.

५. युनिट टेस्ट आणि प्रिलिमचे गुण बोर्डाच्या निकालात धरतात का?

बारावीला नाही. लेखीचे ७० गुण पूर्णपणे बोर्डाच्या पेपरवर ठरतात.

तरीही आमच्या वर्गात दोन्ही चाचण्या आणि प्रिलिम सक्तीच्या आहेत आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका तुम्ही जपून ठेवायच्या आहेत. २०२१ साली कोरोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा राज्य मंडळाने दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला. त्या वर्षी ज्यांनी चाचण्या गंभीरपणे दिल्या नव्हत्या त्यांच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. पुन्हा असं होईल म्हणून ही सक्ती नाही. पण तीन तास बसून लिहिण्याची सवय प्रिलिमशिवाय लागत नाही, हे आम्ही दरवर्षी बघतो.

६. मी बाहेर क्लासला जातो. कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला आलो तर चालेल का?

नाही. बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि ती तासांची आणि प्रॅक्टिकलची अशी दोन्हीकडची धरली जाते. आजारपणासारखं खरं कारण असेल तर कागदपत्रांसह लगेच कळवा. डिसेंबरमध्ये एकदम तीन महिन्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणून दिलं तर आम्ही ते स्वीकारत नाही.

पालकांना एक विनंती. क्लासची बॅच कॉलेजच्या वेळेत लावताना आधी वेळापत्रक बघून घ्या. दोन्हीकडे ओढाताण झालेला मुलगा प्रॅक्टिकलच्या टेबलाशी पेंगत उभा असतो, आणि समोर आम्ल असताना तसं उभं राहणं धोक्याचं आहे.

७. माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली आहे. तिचे गुण इंग्रजीमुळे कापले जातील का?

इंग्रजी व्याकरणासाठी आम्ही एकही गुण कापत नाही. आमच्याकडे शिकवण्याचं आणि पेपरचं माध्यम इंग्रजी आहे, पण वर्गात प्रश्न मराठीतच विचारला तरी उत्तर मिळेल. आमच्या अंतर्गत तोंडी परीक्षेतही मराठीत बोललेलं चालतं. वाक्य मोडकं असेल, पण समीकरण संतुलित असेल आणि मुद्दा बरोबर असेल तर पूर्ण गुण मिळतात.

गुण जातात ते संज्ञेचं स्पेलिंग अर्थ बदलेल इतकं चुकलं तर. अल्केन, अल्कीन आणि अल्काइन यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि तिन्ही वेगळी संयुगं आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पहिले दोन महिने प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला संज्ञांची दुभाषी यादी आम्ही फळ्यावर लिहितो. ती वहीत मागच्या पानांवर उतरवून ठेवा. दिवाळीपर्यंत तिची गरज उरत नाही.

८. कॅल्क्युलेटर चालतो का?

नाही. लॉग टेबल चालतं. म्हणून आमच्या कोणत्याही चाचणीत किंवा प्रॅक्टिकलमध्येही कॅल्क्युलेटर चालणार नाही. घरी गणितं सोडवतानाही मोबाईल बाजूला ठेवून लॉग टेबलनेच सोडवा. अँटिलॉग बघताना दशांश चिन्ह चुकणं ही आमच्या तपासणीत सर्वात जास्त दिसणारी चूक आहे, आणि सराव हा त्यावरचा एकमेव उपाय आहे.

९. गणिताचं उत्तर चुकलं तर पूर्ण शून्य का? आणि उत्तर बरोबर असूनही गुण का कापले?

दोन्ही तक्रारी एकाच मुळातून येतात, म्हणून एक उदाहरण नीट बघू.

प्रश्न: प्रथम कोटीची अभिक्रिया ४० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर वेग स्थिरांक काढा. तीन गुण.

सूत्राला एक गुण, किमती घालण्याला एक आणि एककासह उत्तराला एक, अशी आमची विभागणी असते. ७५ टक्के पूर्ण झाली म्हणजे २५ टक्के शिल्लक. २.३०३ भागिले ४०, गुणिले १०० भागिले २५ चा लॉग. लॉग ४ म्हणजे ०.६०२१. उत्तर येतं ०.०३४६७ प्रति मिनिट.

आता एका विद्यार्थ्याने शिल्लक २५ ऐवजी ७५ धरलं. त्याचं उत्तर ०.००७१९ प्रति मिनिट आलं. त्याचा किमतीचा गुण गेला. पण पुढची आकडेमोड त्याच्या किमतींप्रमाणे बरोबर असेल आणि एकक लिहिलेलं असेल, तर शेवटचा गुण आम्ही देतो. एका चुकीची शिक्षा एकदाच, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. बोर्डाचा परीक्षक ही सवलत देईलच असं धरून चालू नका.

दुसऱ्या विद्यार्थ्याने फक्त ‘०.०३४६७’ लिहिलं. ना सूत्र, ना एकक. त्याला आम्ही शून्य देतो, कारण तो आकडा त्याने काढला की शेजारच्याचा बघितला हे कागदावरून कळत नाही. पालक इथे सर्वात जास्त भांडतात. आमचं म्हणणं इतकंच आहे की रसायनशास्त्रात आपण निष्कर्षापर्यंत कसे पोचलो ते दाखवणं हाच विषयाचा अर्धा भाग आहे, आणि गुण त्यालाच असतात.

तिसरा म्हणतो, ‘तीन चतुर्थांश पूर्ण म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणून अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणून ०.६९३ भागिले २०.’ याला पूर्ण गुण. पुस्तकातलीच पायरी हवी असा आमचा हट्ट नाही. पायरी दिसली पाहिजे आणि ती खरी असली पाहिजे.

१०. ऑरगॅनिकची अभिक्रिया बरोबर लिहिली, तरी अर्धा गुण का गेला?

बाणावर अट लिहिली नसेल म्हणून. इथाइल ब्रोमाइडवर जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली तर इथेनॉल मिळतं, अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची केली तर इथीन. बाणावर नुसतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलं तर दोन्हीतलं कोणतं उत्तर बरोबर मानायचं? ‘संहत’ की ‘विरल’, उष्णता, दाब, उत्प्रेरक हे सगळं समीकरणाचाच भाग आहे. नामांकित अभिक्रिया विचारली असेल तर अट आणि समीकरण दोन्ही लागतात, व्याख्या तोंडपाठ लिहून काम भागत नाही.

याच प्रश्नाला जोडून बहुपर्यायीबद्दल: पर्यायाचं अक्षर आणि पूर्ण उत्तर दोन्ही लिहा. बोर्डाच्या पेपरवरच सूचना असते की नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळणार नाही आणि पहिला प्रयत्नच तपासला जाईल. खाडाखोड करून दुसऱ्यांदा लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी उपयोग नाही. आमच्या युनिट टेस्टमध्येही हेच पाळतो.

११. जर्नल कधी द्यायचं? उशीर झाला तर?

प्रॅक्टिकल झाल्यानंतर पुढच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी, टेबलावर जाण्याआधी. आठवडाभर उशीर झाला तर त्या प्रयोगाचे अंतर्गत गुण निम्मे होतात. त्यानंतर दिलं तर सही मिळते, गुण मिळत नाहीत. वर्षाअखेरीस जर्नल प्रमाणित झालेलं नसेल तर आम्ही प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाही, आणि ही वेळ येऊ नये म्हणून नोव्हेंबरमध्ये प्रत्येकाच्या जर्नलची एक फेरी तपासून पालकांना कळवतो.

निरीक्षणं प्रयोगशाळेतच, पेनने, थेट कच्च्या वहीत लिहायची आणि तिथेच सही घ्यायची. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहा. व्हाइटनर लावलेलं रीडिंग आम्ही वाचतच नाही.

१२. माझं टायट्रेशनचं रीडिंग बाकीच्यांशी जुळत नाही. ते बदलून लिहिलं तर काय बिघडलं?

सगळंच बिघडलं. या एका नियमाबद्दल आम्ही सर्वात कडक आहोत, म्हणून जरा सविस्तर.

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. पिपेटने १० मि.लि. ऑक्झॅलिक आम्ल शंकूपात्रात घेतलं, विरल गंधकाम्ल घातलं, ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलं आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडायला लागलो. वेगळा दर्शक लागत नाही, फिकट गुलाबी रंग टिकला की अंत्यबिंदू आला. आधी पायलट (अंदाजाचं रीडिंग), मग तीन रीडिंगं, आणि जे जुळतं ते सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग). परमँगनेट गडद असल्यामुळे वरची पातळी वाचायची, हे विसरणारे बरेच असतात. ब्युरेटवरचा सर्वात लहान भाग ०.१ मि.लि. असतो. तेव्हा कुणाच्या वहीत १०.३७ दिसलं की ते रीडिंग ब्युरेटवरून आलेलं नाही, हे लगेच कळतं.

आम्ही प्रत्येक बॅचसाठी, काही वेळा प्रत्येक टेबलासाठी, द्रावणाची तीव्रता थोडी बदलून ठेवतो. म्हणजे शेजारच्या बॅचचा सी.बी.आर. तुमचा असूच शकत नाही. समजा तुमच्या बाटलीतल्या द्रावणाला १०.८ यायला हवं आणि तुम्हाला ११.६ आलं. तुम्ही ११.६ लिहिलं, हिशोब त्यावरून बरोबर केला आणि तोंडी परीक्षेत सांगितलंत की ‘तिसऱ्या वेळी रंग जरा गडद झाला, थेंब जास्त पडले असावेत’. आमच्या वर्गात निरीक्षणाचे आणि हिशोबाचे पूर्ण गुण मिळतील, फक्त अचूकतेचा एक गुण जाईल. तेच कुणी ११.६ खोडून मित्राचं १०.२ लिहिलं, तर त्या प्रयोगाला शून्य. पूर्ण प्रयोगाला.

कधी कधी शंकूपात्रात गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. आम्ल कमी पडलं की मँगनीज डायऑक्साइड तयार होतो. ते फेकून देऊन गपचूप दुसऱ्याचं रीडिंग उतरवू नका. ‘तपकिरी अवक्षेप आला, आम्ल कमी पडलं असावं, पुन्हा केलं’ असं जर्नलमध्ये लिहा. असं वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी काहीतरी कायमचं समजलेलं असतं, आणि आम्ही त्याला गुण देतो.

१३. सॉल्ट बरोबर ओळखलं होतं. मग निम्मेच गुण का?

सॉल्टचं, म्हणजे ओळखायला दिलेल्या अज्ञात क्षाराचं, नाव हा शेवटचा, छोटा भाग आहे. गुण चाचण्यांच्या क्रमाला आणि निरीक्षणांना असतात: प्राथमिक परीक्षा, अ‍ॅसिडिक रॅडिकल, बेसिक रॅडिकल (क्षारातला ऋण आणि धन आयन), मग दोन्हींच्या निश्चयात्मक चाचण्या. गाइडमधून उतरवलेलं निरीक्षण ओळखणं अवघड नसतं.

लेड नायट्रेटचंच बघा. नायट्रेटसाठी तपकिरी कड्याची चाचणी सगळ्यांना पाठ असते: ताजं फेरस सल्फेट, मग परीक्षानळीच्या कडेने हळूच संहत गंधकाम्ल, दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं. पण सॉल्टमध्ये लेड असेल तर फेरस सल्फेट घालताच पांढरा लेड सल्फेटचा अवक्षेप पडतो. आधी तो गाळून काढावा लागतो, मग कडं नीट दिसतं. ज्याच्या जर्नलमध्ये लेड नायट्रेटसाठी ‘स्वच्छ द्रावणात सुंदर तपकिरी कडं’ लिहिलेलं असतं, त्याने ती चाचणी केलेली नसते.

त्याच सॉल्टच्या लेडसाठी पोटॅशियम आयोडाइड घाला. पिवळा अवक्षेप येतो. तो पाण्यात गरम करून विरघळवा आणि नळी नळाखाली थंड करा. सोनेरी पापुद्रे चमकत खाली बसतात. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की परीक्षेत पाठ करावं लागत नाही. प्रत्येकाने ते बघावं म्हणून आम्ही त्या दिवशी घाई करत नाही.

सॉल्ट चुकीचं ओळखलं पण लिहिलेलं प्रत्येक निरीक्षण खरं असेल, तर आमच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त गुण मिळतात. उलट प्रकारात, नाव बरोबर आणि निरीक्षणं बनावट, तर नावाचेही मिळत नाहीत.

१४. अ‍ॅप्रन विसरला तर प्रॅक्टिकल करू देणार नाही का?

नाही देणार. अ‍ॅप्रन, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी असेल तर अ‍ॅप्रनच्या आत. सँडल किंवा चप्पल घालून आलेल्यांनाही हेच लागू. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल प्रश्न १५ मध्ये लिहिल्याप्रमाणे भरून काढता येतं, गुण कापले जात नाहीत. सुरक्षिततेचा गुणांशी संबंध जोडायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

पिपेट तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब वापरायचा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. अंगावर काही सांडलं तर आधी भरपूर पाण्याखाली धरा आणि लगेच सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. काही फोडलं तरी सांगा. फुटलेल्या परीक्षानळीचा दंड आम्ही घेत नाही.

१५. आजारी पडल्यामुळे प्रॅक्टिकल बुडालं. आता?

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी राहिलेली प्रॅक्टिकल्स करून घेतो. प्रयोगशाळा सहायकांकडे आधी नाव द्या, कारण द्रावणं त्यांना करून ठेवावी लागतात. दुसऱ्याच्या वहीतून निरीक्षणं उतरवून ‘पूर्ण’ केलेला प्रयोग ग्राह्य नाही.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच आजारी पडलात तर त्याच दिवशी कॉलेजला फोन करा. बोर्डाने अशा विद्यार्थ्यांसाठी ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षेची सोय ठेवलेली असते, पण त्यासाठी कारण आणि कागदपत्रं वेळेत पोचावी लागतात. आठ दिवसांनी सांगितलं तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

१६. मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. प्रॅक्टिकलचे गुण जाणार का?

हा प्रश्न विद्यार्थी फार उशिरा, लाजत लाजत विचारतात. जूनमध्येच येऊन सांगा. वर्गात दुसऱ्या कुणाला कळण्याची गरज नाही.

आमच्या वर्गात अशा विद्यार्थ्याला टायट्रेशनच्या वेळी रंग सांगायला एक साथीदार देतो. ब्युरेट विद्यार्थी स्वतः चालवतो, थांबायचं कधी ते साथीदार सांगतो. सॉल्टच्या बाबतीत ज्योतीच्या रंगावर अवलंबून न राहता अवक्षेप, विद्राव्यता आणि वायूच्या चाचण्यांवर भर देतो. गुण सगळ्यांसारखेच. बोर्डाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही बहिःस्थ परीक्षकांना आधीच कल्पना देतो, म्हणून डॉक्टरांचं पत्र डिसेंबरपर्यंत हवं.

दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्यांना लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत परीक्षेच्या बराच आधी जातो. आमच्या चाचण्यांतही तोच जादा वेळ देतो, अर्जाची वाट न बघता.

१७. प्रकल्प चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर?

भाषा सुधारायला, एखादी संकल्पना समजून घ्यायला वापरलंत तर हरकत नाही, प्रकल्पाच्या शेवटी तसं एका ओळीत लिहा. निरीक्षणं, तक्ते आणि आकडे मात्र तुमच्या हातचे हवेत. बाजारातल्या पाच टूथपेस्टच्या सामूची तुलना करायची असेल तर ते पाच नमुने, सामूपट्ट्या आणि कच्ची नोंद तोंडी परीक्षेच्या वेळी सोबत आणायची. प्रकल्पाचे आमचे निम्मे गुण त्या कच्च्या नोंदीवर असतात. तयार प्रकल्प विकणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानांनाही हाच नियम लागू आहे. तोच प्रकल्प दर दोन वर्षांनी आमच्याकडे परत येतो.

१८. चाचणीत कॉपी सापडली तर काय करता?

त्या चाचणीला शून्य, पालकांची भेट, आणि पुढच्या चाचणीला वेगळी जागा. दुसऱ्याला दाखवणाऱ्यालाही तेच. जर्नलमधली उतरवाउतरव प्रश्न १२ आणि १३ मध्ये आली आहे. बोर्डाच्या परीक्षेतले गैरप्रकार आमच्या हातात नसतात. त्यासाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे आणि त्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

१९. मिळालेले गुण पटले नाहीत तर कुणाकडे जायचं?

आमच्या चाचणीचे असतील तर उत्तरपत्रिका मिळाल्यापासून एका आठवड्यात, स्वतः विद्यार्थ्याने यायचं. ‘दोन गुण वाढवा’ असं न म्हणता कोणत्या पायरीला गुण मिळायला हवा होता ते पेन्सिलने खूण करून आणायचं. बेरीज चुकली असेल तर जागेवर दुरुस्त करतो. पायरीबद्दल मतभेद असेल तर विभागातले दुसरे शिक्षक नाव झाकून तपासतात आणि त्यांचा निर्णय अंतिम. ऑनलाइन मेसेजवर गुणांची चर्चा करत नाही.

बोर्डाच्या निकालाबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत, या दोन्हींसाठी निकालानंतर ठरलेल्या मुदतीत अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घेणं सक्तीचं आहे, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत हातात आली की त्याच दिवशी आमच्याकडे आणा. आम्ही प्रश्नागणिक बघून अर्ज करण्यात अर्थ आहे की नाही ते स्पष्ट सांगतो.

२०. सीईटीच्या टेस्ट सिरीजमध्ये माझे केमिस्ट्रीचे गुण उत्तम येतात, पण कॉलेजच्या चाचणीत ७० पैकी ३८. असं का?

कारण दोन्ही परीक्षा वेगळं मोजतात. एमएचटी-सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे चारांतून एक ओळखायचं असतं. इथे रिकाम्या कागदावर स्वतः मांडायचं असतं. तुमची तयारी वाया गेलेली नाही, फक्त लिहिण्याचा सराव झालेला नाही. रोज एक तीन गुणांचा प्रश्न घड्याळ लावून लिहा आणि प्रश्न ९ मधल्या विभागणीप्रमाणे स्वतःच तपासा.

‘प्रवेश सीईटीवरच होतो, बोर्ड कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी पात्रतेच्या अटी बघाव्यात. नीटमधून वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या गटाला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात. एनआयटीसाठी ७५ टक्क्यांची अट आहे, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण आणि बारावीत अट हुकलेली, असे विद्यार्थी दर जूनमध्ये आमच्या दाराशी येतात. तेव्हा आम्ही काहीच करू शकत नाही, याचं फार वाईट वाटतं.

२१. रसायनशास्त्रात नापास झालो तर वर्ष वाया जातं का? आणि पास झालो पण गुण कमी आहेत, तर पुन्हा बसता येतं का?

नापास असाल तर पुरवणी परीक्षा आहे, तिचा अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतो. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना श्रेणीसुधारसाठी लगतच्या ठरावीक परीक्षांना बसता येतं. दोन्ही अर्ज कॉलेजमार्फत भरले जातात.

पुरवणीला बसणाऱ्यांसाठी आम्ही निकालाच्या पुढच्या आठवड्यापासून सकाळी आठ ते दहा मोफत तास घेतो. येताना प्रिलिमची तपासलेली उत्तरपत्रिका आणि लॉग टेबल घेऊन या. बोर्डाची छायाप्रत मागवली असेल तर तीही आणा, कुठे गुण गेले ते बघूनच कोणते धडे आधी घ्यायचे ते ठरवतो.